मोटार प्रदर्शनांत भाग घेणे वाहन उत्पादकांना अजूनही परवडते का?

प्रश्न – दालनरचना

गेली बारा वर्षे मी प्रदर्शनांमधील दालने उभारण्याच्या व्यवसायात आहे आणि त्यांतले बरेचसे काम वाहन उत्पादकांसाठी केलेले आहे. या प्रश्नात माझा स्वार्थ गुंतलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१९०५ साली सुरू झालेले जिनिव्हाचे प्रदर्शन २०२० मध्ये उघडण्याच्या अवघ्या काही दिवस आधी रद्द झाले, कारण साथीमुळे स्वित्झर्लंडच्या सरकारने एक हजाराहून अधिक लोकांच्या एकत्र येण्यावर बंदी घातली. त्यानंतर थेट २०२४ मध्ये ते पुन्हा भरले, पण मोठ्या युरोपीय उत्पादकांपैकी रेनो समूह वगळता जवळजवळ कोणीच आले नाही. २०१९ मध्ये तिथे सुमारे ६ लाख प्रेक्षक आले होते, तर २०२४ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आयोजकांनी जिनिव्हाचे प्रदर्शन कायमचे बंद करत असल्याचे जाहीर केले. स्वित्झर्लंडचा स्वतःचा मोठा मोटार उद्योग नसल्यामुळे जिनिव्हात कोणीही यजमान नसे आणि कोणीही पाहुणा नसे. सर्वांना सारखी जागा मिळत असे. असे प्रदर्शनच टिकत नसेल, तर बाकीच्यांचे काय, ही चिंता मला वाटते.

माझा प्रश्न असा आहे की, प्रदर्शनातून अंग काढून घेणाऱ्या उत्पादकांनी खरोखर हिशेब करून हा निर्णय घेतला आहे, की एक गेला म्हणून दुसरा गेला? आणि जे गेले, त्यांनी नेमके काय गमावले? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहिले तर फार उपयोग होईल.

---

प्रतिसाद १ – ताळेबंद

मी एका वाहन उत्पादकाच्या विपणन विभागाचे अंदाजपत्रक काही वर्षे सांभाळले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की निर्णय हिशेब करूनच होतो, मात्र हिशेबात काय धरायचे आणि काय सोडायचे, यावर सगळे अवलंबून असते.

खर्चाची बाजू आपण जाणताच. दहा-बारा दिवसांसाठी जवळजवळ एक इमारतच उभी करायची आणि नंतर ती मोडायची. हाताने घडवलेल्या, विम्याशिवाय हलवता न येणाऱ्या गाड्या वाहून न्यायच्या. शेकडो माणसांच्या राहण्याची सोय करायची. एवढे करून पत्रकारांसाठी राखलेल्या दिवशी आपल्याला वीस मिनिटे मिळतात, आणि त्याच दिवशी शेजारच्या दालनांतही एकामागून एक पडदे उघडत असतात. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत आपली गाडी अनेकांपैकी एक ठरते. शिवाय हल्ली छायाचित्रे आणि तपशील आधीच प्रसिद्ध झालेले असतात, त्यामुळे पडदा उघडण्यात नवे असे काही उरत नाही.

याच्या उलट, टेस्लाने ३१ मार्च २०१६ रोजी 'मॉडेल ३' स्वतःच्याच कार्यक्रमात दाखवली आणि एक हजार डॉलर अनामत भरून आठवड्याभरात सव्वातीन लाखांच्या आसपास लोकांनी नोंदणी केली. त्याआधी २०१४ मध्ये व्होल्व्होने 'एक्ससी ९०'च्या पहिल्या आवृत्तीच्या १,९२७ गाड्या केवळ इंटरनेटवरून विक्रीस ठेवल्या आणि त्या ४७ तासांत संपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या कंपनीने प्रत्येक मोठ्या बाजारपेठेसाठी वर्षाला एकच प्रदर्शन, असे धोरण जाहीर केले. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. संकेतस्थळावर आलेला प्रत्येक माणूस आम्ही मोजू शकत होतो. पण प्रदर्शनात गाडीत पाच मिनिटे बसून गेलेला आणि आठ महिन्यांनी ती विकत घेणारा माणूस आमच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नसे. जे मोजता येत नाही ते शून्य धरण्याची चूक आमच्याकडून झाली असेल, हे मी नाकारत नाही.

---

प्रतिसाद २ – जुनी चाके

'ताळेबंद' यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु स्वतःचा वेगळा कार्यक्रम करणे ही इंटरनेटच्या काळातली कल्पना नव्हे, एवढे नोंदवावेसे वाटते. जनरल मोटर्स १९५० च्या दशकात 'मोटोरामा' नावाचे स्वतःचे फिरते प्रदर्शन भरवत असे. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात त्यांनी कॉर्व्हेट दाखवली आणि जूनमध्ये तिचे उत्पादन सुरूही झाले. १९६१ नंतर मोटोरामा बंद पडला. सार्वजनिक प्रदर्शने मात्र चालू राहिली.

प्रदर्शनातील अनावरणाला पूर्वी जी ताकद होती ती माहितीच्या टंचाईतून आलेली होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसला सित्रोएन 'डीएस' लोकांसमोर आली, तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत ७४३ आणि दिवसअखेर सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्याचे सांगितले जाते. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला जॅग्वार 'ई-टाइप' चालवून पाहण्यासाठी इतकी रीघ लागली की दुसरी गाडी मागवावी लागली. चाचणी चालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत आणून पोहोचवली. अशी गाडी आज निघाली तर ती तिथे पोहोचण्याआधीच जगाने पाहिलेली असेल. तेव्हा अनावरणाचे व्यासपीठ म्हणून प्रदर्शनांचे दिवस संपले, हे मलाही मान्य आहे. प्रदर्शनांचे काम मात्र तेवढेच कधीच नव्हते.

---

प्रतिसाद ३ – मातीकाम

मी एका वाहन उत्पादकाच्या आरेखन विभागात मातीचे नमुने घडवण्याचे काम करत असे, म्हणून या चर्चेतली एक राहून गेलेली बाजू मांडतो.

आमच्यासाठी प्रदर्शन म्हणजे इतरांच्या गाड्या हाताळण्याची संधी होती. पत्रकारांच्या दिवशी सर्वांत जास्त वेळ प्रतिस्पर्ध्यांच्या दालनांत घालवणारे लोक म्हणजे इतर कंपन्यांचे अभियंते आणि आरेखक. दाराच्या कडांमधली फट किती समान आहे, दार मिटताना आवाज कसा येतो, आसनाखाली हात घातला तर काय लागते, मागच्या सामानकप्प्याचा उंबरठा किती उंच आहे, हे छायाचित्रातून कधीच कळत नाही. कंपन्या प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या विकत घेऊन त्यांचा सांगाडा सुटा करून पाहतात हे खरे आहे, पण ते गाडी बाजारात आल्यावर. प्रदर्शनात तीच गाडी काही महिने आधी समोर उभी असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एखादी गाडी बनवायची की नाही, याचा निर्णय कधी कधी प्रदर्शनाने घडवला आहे. डॉजने 'वायपर' ही जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटला केवळ एक कल्पना म्हणून दाखवली होती. लोकांचा प्रतिसाद पाहून तिचे काम पुढे गेले आणि १९९२ मध्ये ती विक्रीस आली. फोक्सवॅगनने १९९४ मध्ये तिथेच 'कॉन्सेप्ट वन' दाखवली, आणि तिच्यातून घडलेली नवी बीटल १९९८ मध्ये बाजारात आली. संचालक मंडळासमोर आरेखकाने कितीही जीव तोडून सांगितले तरी जे पटत नाही, ते कठड्याला टेकून उभी असलेली गर्दी पटवून देते. मंडळातला माणूस स्वतः ती गर्दी पाहतो, हा त्यातला खरा भाग आहे. पडद्यावर आलेल्या पसंतीच्या आकड्यांना तेवढे वजन येत नाही, कारण ते आकडे कोणाचे आणि किती विचारपूर्वक दिलेले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट साध्या प्रेक्षकाची. मी सार्वजनिक दिवसांत दालनाच्या कडेला उभा राहून लोक गाडीत कसे शिरतात हे तासन्‌तास पाहत असे. गुडघे दुखणारी माणसे आधी एक हात छताच्या कडेला लावतात, मग दुसरा हात आधार शोधतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्या हाताला काहीच सापडत नाही. मुलांना मागे बसवणाऱ्या आयांना दार पूर्ण उघडावे लागते, आणि ते पूर्ण उघडून स्थिर राहते की परत येते, यावर त्यांचे मत तिथल्या तिथे बनते. यांतले काहीही सर्वेक्षणात येत नाही, कारण उत्तर देणाऱ्याला स्वतःला ते जाणवलेले नसते. मी परत आल्यावर आम्ही दोनदा नमुन्यातील दाराच्या वरच्या कडेचा आकार बदलला होता.

त्यामुळे 'काय गमावले' या प्रश्नाला माझे उत्तर असे की, जे गेले त्यांनी बातमी गमावली नाही. अनोळखी माणूस आपली गाडी पहिल्यांदा कशी हाताळतो हे पाहण्याची जागा गमावली. विक्रेत्याच्या दुकानात ती मिळत नाही, कारण तिथे येणारा माणूस बहुधा आधीच अर्धा ठरवून आलेला असतो आणि त्याच्या शेजारी विक्रेता उभा असतो.

---

प्रतिसाद ४ – पूर्वेकडून

आतापर्यंतची चर्चा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या जुन्या प्रदर्शनांची झाली. चित्र पूर्ण करायचे असेल तर बीजिंग आणि शांघायकडे पाहावे लागेल. ही दोन मोठी प्रदर्शने आलटून पालटून एकेका वर्षी भरतात. २०२४ च्या बीजिंग प्रदर्शनात आयोजकांच्या आकड्यांनुसार ११७ गाड्या जगात प्रथमच दाखवल्या गेल्या. आधीच्या वर्षी, साथीचे निर्बंध उठल्यावर, परदेशी कंपन्यांचे प्रमुख शांघायला गेले आणि चिनी विद्युत गाड्या किती पुढे गेल्या आहेत हे त्यांना तिथे प्रत्यक्ष दिसले. 'मातीकाम' म्हणतात ते हेच: अहवाल सगळ्यांनी वाचले होते, पण दार उघडून आत बसल्यावरच ते पटले.

प्रदर्शने संपत आहेत असे म्हणण्यापेक्षा ज्यांना ओळख करून द्यायची आहे त्यांच्याकडे ती सरकत आहेत, असे म्हणणे मला योग्य वाटते. ज्या कंपनीचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि जिची दुकाने गावोगावी आहेत, तिला प्रदर्शन टाळणे परवडते. बीवायडीसारख्या चिनी कंपनीला युरोपात तसे करता येत नाही, कारण तिथल्या ग्राहकाने तिच्या गाडीला कधी हात लावलेला नसतो. म्हणूनच म्युनिक आणि पॅरिस येथे अलीकडे चिनी कंपन्यांची उपस्थिती इतकी ठळक झाली आहे.

आयोजकांनीही रूप बदलले आहे. फ्रँकफर्टला २०१७ मध्ये ८ लाख १० हजार प्रेक्षक होते, ते २०१९ मध्ये सुमारे ५ लाख ६० हजारांवर आले. त्यानंतर ते प्रदर्शन म्युनिकला हलवण्यात आले आणि २०२१ पासून त्याचा एक भाग शहराच्या चौकांत, विनाशुल्क भरतो. टोकियोच्या प्रदर्शनाला १९९१ मध्ये २० लाखांहून अधिक लोक आले होते. २०१७ मध्ये हा आकडा आठ लाखांच्याही खाली गेला. २०२३ मध्ये 'जपान मोबिलिटी शो' या नव्या नावाने आणि मोटारींपलीकडच्या उद्योगांना सोबत घेऊन ते भरले, तेव्हा ११ लाखांहून अधिक लोक आले. उलट डेट्रॉइटने आपली जानेवारीची वेळ सोडली, २०२२ आणि २०२३ मध्ये सप्टेंबर आजमावला (दुसऱ्या वर्षी तर नेमका कामगारांचा संप सुरू होताना), आणि २०२५ मध्ये पुन्हा जानेवारीवर परत आले. वेळ बदलून फारसे साधत नाही, असा निष्कर्ष मी त्यावरून काढतो.

ब्रुसेल्सचा उल्लेख राहून जाऊ नये. ते मुख्यतः विक्रीचे प्रदर्शन आहे. जानेवारीत त्या निमित्ताने विक्रेते सवलती देतात आणि लोक खरेदीच्या तयारीने येतात. जिनिव्हात दिला जाणारा युरोपचा 'कार ऑफ द इयर' पुरस्कार २०२५ मध्ये तिथे जाहीर झाला. विक्रीशी थेट जोडलेले प्रदर्शन 'ताळेबंद' यांच्या तक्त्यातही दिसेल.

---

दालनरचना

सर्वांचे मनापासून आभार. 'मातीकाम' यांना एक विचारायचे आहे. आमच्याकडे येणाऱ्या आराखड्यांत मुख्य गाडी नेहमी उंच, फिरत्या व्यासपीठावर असते आणि तिची दारे कुलूपबंद असतात. लोक ज्या गाड्यांत बसू शकतात त्या मागच्या रांगेत असतात. आपल्या सांगण्यावरून ही मांडणीच उलटी आहे, असे मला वाटू लागले आहे. तसे आहे का?

---

मातीकाम

होय, तसेच आहे. फिरते व्यासपीठ छायाचित्रकारांसाठी असते आणि त्यांचे काम दोन दिवसांत संपते. उरलेले आठ-दहा दिवस ती जागा वाया जाते. मला विचाराल तर पत्रकारांचे दिवस संपताच गाडी खाली उतरवावी, चारही दारे उघडी ठेवावीत आणि दार पूर्ण उघडेल इतके अंतर प्रत्येक बाजूला सोडावे. अंतर कमी पडल्यामुळे लोक तिरके होऊन आत शिरतात, आणि मग गाडीच अडचणीची आहे असा त्यांचा समज होतो.

---

ताळेबंद

त्यात माझी एक भर. दालनात टेस्ट ड्राइव्हची नोंदणी तिथल्या तिथे घ्या आणि त्या नोंदणीला वेगळी खूण द्या. वर्षभराने त्यांतल्या किती जणांनी गाडी घेतली हे कळले, तर पुढच्या अंदाजपत्रकात दालनाचा खर्च छाटणाऱ्या माझ्यासारख्या माणसासमोर ठेवायला आपल्याकडे एक आकडा असेल. आमच्याकडे तो कधीच नव्हता.