अमरावती ते चिखलदरा सायकलने: चौदा जणांचा गट फुटू नये म्हणून काय करावे?

चाकोरी_वर्धा यांचा प्रश्न

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौदा जण वर्धा ते शेगाव असा चार दिवसांचा सायकल प्रवास करणार आहोत. पहिला मुक्काम अमरावतीला, दुसरा चिखलदऱ्याला, तिसरा अंजनगाव सुर्जीमार्गे अकोटला आणि चौथ्या दिवशी शेगावला पोहोचून गजानन महाराजांचे दर्शन, असा बेत आहे. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाची मला चिंता नाही. प्रश्न दुसऱ्या दिवसाचाच आहे आणि तो मागच्या वर्षीच्या अनुभवातून आला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अमरावती ते परतवाडा हे सुमारे पन्नास किलोमीटर सपाट आहेत, पुढे चिखलदऱ्यापर्यंत तीस-बत्तीस किलोमीटर आणि त्यातला बराच भाग घाटाचा. एकूण ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटर म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा कमीच, असे समजून आम्ही मागच्या वर्षी सकाळी आठला, चहा-पोहे करून, निवांत निघालो. वलगाव मागे पडेपर्यंत सगळे एका रांगेत होते. पुढे चार तरुण मंडळींनी वेग वाढवला, त्यांच्या मागे आणखी तिघे लागले आणि आसेगावच्या पूर्णा नदीच्या पुलापर्यंत गटाचे तीन तुकडे झाले होते. परतवाड्याला पुढच्यांनी जेवण उरकले तेव्हा शेवटचे दोघे अजून पोहोचायचे होते. ते येताना दिसले तसे पुढचे उठले आणि निघाले; म्हणजे ज्यांना विश्रांतीची खरी गरज होती त्यांनाच ती मिळाली नाही.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य एकसष्ट वर्षांचे आहेत. ते परतवाड्याच्या पुढे धामणगाव गढीच्या रस्त्याला न लागता धारणीच्या रस्त्याने घटांगकडे गेले आणि आम्हाला ते थेट घाट चढून गेल्यावर समजले. फोन लागत नव्हता. आम्ही एक जीप ठरवून ज्या रस्त्याने वर आलो होतो त्याच रस्त्याने दोन वेळा खालीवर केले. ते सापडले रात्री आठच्या सुमारास. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

यंदा तेच चौदा जण आहेत. गट एकत्र ठेवण्याची चालवता येईल अशी पद्धत कोणती? सुरुवात किती वाजता करावी? आणि शक्ती कमी असलेल्यांनी परतवाड्यापर्यंत गाडीने यावे, असा एक प्रस्ताव आमच्यात आला आहे, त्याबद्दल आपले मत काय?

अंबानगरीकर यांचे उत्तर

आपला गट परतवाड्याला फुटला नाही, तो सकाळी आठलाच फुटला, असे मला वाटते. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाला सूर्य मावळतो. आठला निघून, दुपारी एकला परतवाडा सोडून, मागच्या माणसाने उजेडात वर पोहोचावे ही अपेक्षा हिशेबातच बसत नाही. घाटात नवख्याचा वेग ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे शेवटच्या टप्प्यालाच चार तास हवेत. साडेसहाला, पुरेसे दिसू लागले की निघा. त्याआधी मात्र निघू नका. कापसाने भरलेल्या ट्रॉल्या पहाटेच रस्त्याला लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

आता पद्धतीविषयी. आमच्या गटात आम्ही दोन माणसे नेमतो. एक शेपटीचा. तो कितीही दमदार असला तरी सगळ्यांच्या मागेच राहतो, त्याच्याकडे हवेचा पंप, पान्हे आणि दोन जास्तीच्या ट्यूब असतात, आणि ज्याच्या मागे तो नाही असा माणूस गटात नसतो. दुसरा फाट्याचा. कुठल्याही फाट्यावर पुढून दुसऱ्या क्रमांकावर जो असेल त्याने तिथे उतरून थांबायचे, प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायची आणि शेपटीचा माणूस आला की मगच निघायचे. पुढच्या फाट्यावर आपोआप दुसरा कोणी दुसऱ्या क्रमांकावर असतो, त्यामुळे थांबण्याची पाळी फिरत राहते आणि कुणा एकावर भार पडत नाही. या पद्धतीचे मोल असे की गट पाच किलोमीटर लांबला तरी माणूस चुकत नाही. फोनची गरजच पडत नाही आणि मेळघाटाच्या वाटेवर ती गोष्ट फार महत्त्वाची आहे.

पहिला थांबा मुद्दाम दहा किलोमीटरवर, वलगावला घ्या. पेढी नदीच्या काठी, याच परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला, त्यामुळे आमचा गट तिथे न थांबता पुढे जातच नाही. पण व्यवहाराचेही कारण आहे. सैल बसलेले सीट, घासणारा ब्रेक, चुकीचे बांधलेले सामान, हे सगळे पहिल्या दहा किलोमीटरांत बोलू लागते.

गाडीने परतवाड्यापर्यंत येण्याच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. ज्याला आणायचे तो माणूस उरलेले तीन दिवस ते मनात ठेवतो.

शेवटचा_गिअर यांचे उत्तर

वरील उत्तरातील फाट्याच्या पद्धतीशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र मूळ प्रश्नातील ‘गट एकत्र ठेवणे’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. सपाटीवर एकत्र राहण्यात फायदा आहे, घाटात नाही, आणि याचे कारण शिस्त नसून वारा आहे.

सपाटीवर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास सायकल जाते तेव्हा आपले बरेचसे बळ हवा कापण्यात खर्च होते. त्यात हिवाळ्यात वारा उत्तरेचा असला की परतवाड्याकडे जाताना तो तोंडावर येतो. अशा वेळी पुढच्याच्या मागे हातभर अंतर ठेवून चालवणाऱ्याला बरेच कमी श्रम पडतात, म्हणून परतवाड्यापर्यंत दमदारांनी आलटून-पालटून पुढे राहून बाकीच्यांना ओढून न्यावे. घाटात वेग आठवर येतो, वाऱ्याचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि उरतो तो फक्त वजनाचा. चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे आणि परतवाडा पावणेचारशे मीटरच्या जवळपास. म्हणजे सातशे मीटरहून अधिक उंची प्रत्येकाला स्वतःलाच चढायची आहे, तिथे कोणी कोणाला ओढू शकत नाही. उलट दमदार माणसाला त्याच्या लयीपेक्षा हळू चालवायला लावले की तोही दमतो आणि मागचा मात्र ‘माझ्यामुळे सगळे थांबले’ या ओझ्याने घाई करतो. घाटात प्रत्येकाने आपल्या लयीने चढावे, ठरलेल्या जागी थांबावे, आणि पुढच्याने मागचा पोहोचल्यावर आणखी दहा मिनिटे तरी बसावे. आपल्या परतवाड्याच्या जेवणात हीच शेवटची गोष्ट राहून गेली.

सामानाचाही विचार करावा. सत्तर किलोचा माणूस आणि बारा किलोची सायकल मिळून ब्याऐंशी किलो होतात. त्यावर आठ किलोची पिशवी लादली की चढावरचे काम जवळजवळ एक-दशांशाने वाढते. गाडी करायचीच असेल तर ती माणसांसाठी न करता पिशव्यांसाठी करा. त्यात कोणाचा मान जात नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच घाटाने उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

गढीवाला यांचे उत्तर

मी धामणगाव गढीच्या बाजूचा आहे. सायकल रोज चालवतो, पण वावरापर्यंत. त्यामुळे वेगाबद्दल न बोलता रस्त्याबद्दल लिहितो.

पाण्याविषयी वर कोणीच काही लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारट असते. आसेगावच्या आसपास तहान लागली म्हणून दिसेल त्या हातपंपावर बाटली भरलीत, तर ते मचूळ पाणी तहान भागवणार नाही आणि दुपारी घाटात पोटाची तक्रार सुरू होईल. अमरावतीहून दोन बाटल्या भरून निघा आणि वाटेत मागायचेच झाले तर नळाचे पाणी मागा. लोक नाही म्हणत नाहीत. परतवाड्याला पुन्हा भरा. एक लीटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू, एवढे प्रत्येकाने एका बाटलीत ठेवावे. संत्र्यांचा आंबिया बहार त्या वेळी निघत असतो. परतवाड्यात ढीग लागलेले दिसतील. सोबत घ्या, पण पोटभर खाऊन लगेच चढ चढू नका.

दुसरी गोष्ट काट्यांची. समोरून ट्रक आला की शहरातली मंडळी घाबरून डांबर सोडतात आणि कडेच्या मातीत उतरतात. तिथे सराटा आणि बाभळीचे काटे पडलेले असतात. बाभळीचा काटा टायरच्या वर तुटतो आणि टोक आत राहते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कधी लागते, कधी लागत नाही. नवी ट्यूब टाकली की अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा हवा जाते आणि माणूस पंपाला दोष देतो. यावर आमच्याकडचा उपाय असा की धुऱ्यावरचे एक कापसाचे बोंड घ्यायचे (मालक जवळ असेल तर विचारून), त्यातला कापूस टायरच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवायचा. टोक असेल तिथे धागे अडकून कापूस ओढल्यासारखा होतो. तिथे नखाने चाचपून टोक बाहेरून आत ढकलायचे आणि चिमट्याने काढायचे. मगच ट्यूब बसवायची.

आणि अवकाळी पाऊस झालाच तर पांदण रस्त्याचा मोह कोणीही धरू नये, मग नकाशा तो कितीही जवळचा दाखवो. काळी माती चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये अशी बसते की वीस पावलांत चाक फिरायचे थांबते, आणि मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ती माती लावल्यावर सायकलीचे वजन किती होते ते शेवटचा_गिअर यांनी कधी मोजून पाहावे.

ठरलेल्या थांब्यांपैकी एक धामणगाव गढीला, घाट सुरू होण्यापूर्वी ठेवा आणि एक वर मोथ्याला. मोथ्याला खवा चांगला मिळतो आणि तिथून चिखलदरा अगदी हाताशी येते, त्यामुळे मागून येणाऱ्यांची वाट पाहायला तिथे कोणी कुरकुर करत नाही.

निवृत्त_मास्तर यांचे उत्तर

या प्रश्नात उल्लेख झालेला एकसष्ट वर्षांचा सदस्य मी. आता बासष्ट. मला कोणी विचारले नव्हते म्हणून वर्षभर लिहिले नाही, पण चर्चा माझ्याभोवतीच चालली आहे तर जे घडले ते नीट नोंदवले जावे.

मी चुकलो हे खरे, पण फक्त पहिले सहा-सात किलोमीटर. पुढे जंगल दाट होऊ लागले तेव्हा मला संशय आला. रस्त्याकडेच्या एका कोरकू घरापुढे थांबलो. तिथल्या आजीबाईंनी पाणी दिले आणि घटांगवरूनही चिखलदऱ्याला रस्ता जातो, फक्त लांब पडेल, असे हिंदीत समजावून सांगितले. त्या क्षणी मी मागे फिरू शकलो असतो. फिरलो नाही. परतवाड्याला सगळे माझ्यासमोरून उठून निघाले होते, त्याचा राग मनात होता. आणि परत फिरलो तर ‘मास्तर रस्ता चुकले’ हे ऐकावे लागेल, त्यापेक्षा दुसऱ्या बाजूने वर जाऊन सर्वांना चकित करावे, असा विचार मी केला. बासष्टाव्या वर्षी हे कबूल करायला बरे वाटत नाही. आपण जीप घेऊन धामणगाव गढीच्या घाटात मला शोधत होतात तेव्हा मी सलोन्याच्या बाजूने, सायकल हातात धरून, अंधारात वर येत होतो. हे मी आल्यावर तरी सांगायला हवे होते. ‘रस्ता सापडत नव्हता’ एवढेच बोलून मी झोपायला गेलो.

तेव्हा फाट्यावर माणूस उभा करा, ते योग्यच आहे. त्याबरोबर दोन गोष्टी जोडा. रस्ता चुकला असे वाटले, तर ज्या ठिकाणी गट शेवटचा एकत्र होता तिथे परत यायचे आणि तिथेच थांबायचे, मग पुढचा रस्ता सापडला असला तरीही. आणि परतवाड्याच्या जेवणाला शेवटचा माणूस बसेपर्यंत कोणी ताट घ्यायचे नाही. दुसरी सूचना स्वार्थाची आहे, हे मान्य.

गाडीने परतवाड्यापर्यंत येणार नाही. प्रस्ताव कोणी मांडला ते मला माहीत आहे.

चाकोरी_वर्धा यांचे उत्तर

मास्तर, प्रस्ताव मीच मांडला होता. मागे घेतो. आणि सलोन्याच्या रस्त्याचे मला आजच कळले, त्यामुळे त्या रात्रीच्या जीपच्या भाड्याबद्दल आपण प्रत्यक्ष भेटीत बोलू.

बाकी सर्वांचे मनापासून आभार. साडेसहाला अमरावती सोडायची, वलगाव, आसेगाव, परतवाडा, धामणगाव गढी आणि मोथा असे पाच थांबे, सपाटीवर एक रांग, घाटात ज्याची त्याची लय, आणि पिशव्यांसाठी एक छोटी गाडी, असे ठरवत आहोत. मागच्या वर्षी सर्वांत पुढे पळालेल्या चौघांपैकी एकाला शेपटीचा माणूस नेमले आहे. त्याने आधी तोंड वाकडे केले, पण पंप आणि पान्हे पिशवीत भरून ठेवले आहेत.

गढीवाला भाऊ, एक शंका राहिली. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची जाड रबरी पट्टी मिळते, ती बाभळीच्या काट्याला खरोखर पुरी पडते का? आमच्यातल्या तिघांनी ती आणली आहे आणि त्यामुळे चाक जड फिरते अशी त्यांची तक्रार आहे. घाटात वजन वाढवायचे की काटे काढत बसायचे, हे अजून ठरत नाही.