मदत हवी आहे : ग्रास कटरचा आतला शाफ्ट तुटलाय
नमस्कार मंडळी. सरळ नळीचा, दोन स्ट्रोक इंजिनाचा ग्रास कटर आहे. इंजिन छान चालतं, रेस दिली की क्लच ड्रमही (इंजिनाची गती शाफ्टला देणारी वाटी) फिरतो, पण खालचं दोरीचं हेड जागचं हलत नाही. खालचा गिअरबॉक्स नळीतून काढून पाहिला. तो हाताने मोकळा फिरतो, दातेही शाबूत आहेत. आतला लांब शाफ्ट मात्र क्लचच्या बाजूला तुटलाय. खालचा मोठा तुकडा ओढला तसा बाहेर आला, वरचा बोटभर तुकडा क्लच ड्रमच्या खाचांतच अडकून बसलाय.

हा तुकडा कसा काढायचा? ड्रम सोडवून मागून पंचने ठोकायचा विचार आहे, पण त्यात ड्रमच्या खाचा किंवा बेअरिंग खराब होईल अशी धास्ती वाटते. कोणी केलंय का हे?

दुसरं, नवीन शाफ्ट घेताना नेमकं काय जुळवायचं? नळीचा बाहेरचा व्यास २६ मिमी आहे. टोकाच्या दात्यांची संख्या आणि शाफ्टची जाडी जुळायला हवी, हे कळतं. लांबी मात्र कशी ठरवायची? दोन्ही तुकडे जोडून मोजले तरी तुटलेल्या जागी पीळ पडल्यामुळे माप नक्की येत नाही. आणि नळीतले बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) झिजले असतील तर ते वेगळे मिळतात, की आख्खी नळीच बदलावी लागते? नवा शाफ्ट त्याच कारणाने पुन्हा तुटू नये, म्हणून हे आधीच विचारतोय.

तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून जोडू नये, एवढं मलाही कळतं. इतक्या वेगात फिरणारा शाफ्ट जरा जरी वाकडा राहिला तर थरथरून सगळंच मोडेल.