मदत हवी आहे: रोज एसटीने ये-जा करून प्रथम वर्ष करताना महाविद्यालयातील सुविधांचा लाभ कसा घ्यावा? (कोल्हापूर)

वेदगंगा

नमस्कार. मी भुदरगड तालुक्यातील एका गावातून कोल्हापूरला बी.एस्सी. प्रथम वर्षासाठी रोज ये-जा करते. गारगोटीतही महाविद्यालय आहे आणि घरच्यांचा कल तिकडेच होता. परंतु सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पुढे शिकायचे ठरवल्यामुळे मी कोल्हापूरचा आग्रह धरला, आणि अखेर ‘खोली, मेस यांचा खर्च नको, गाडीने जाऊन येऊन कर’ या अटीवर परवानगी मिळाली. पहिले सत्र आता निम्म्यावर आले आहे. अभ्यासाबद्दल माझी मोठी तक्रार नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकल्यामुळे सुरुवातीला तास डोक्यावरून जात असत, ते आता बरेच समजू लागले आहेत. माझी अडचण तासांच्या बाहेरची आहे.

प्रवेशानंतरच्या परिचय कार्यक्रमात आम्हाला महाविद्यालयातील सगळ्या सोयी पडद्यावर दाखवण्यात आल्या: ग्रंथालय, अभ्यासिका, जिमखाना, राष्ट्रीय सेवा योजना, कमवा आणि शिका योजना, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, समुपदेशन कक्ष, युवा महोत्सवाचा सांस्कृतिक विभाग. ते पाहून मला फार आनंद झाला होता, कारण आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन कपाटे होती. प्रत्यक्षात मात्र या बहुतेक सोयी तास संपल्यानंतरच्या वेळेत आहेत, आणि तो वेळ माझ्याजवळ नाही. गावात रात्री थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे निघते, ती पकडून गारगोटी, तिथून कोल्हापूर आणि पुढे केएमटी (शहर बस) असा माझा सकाळचा क्रम आहे. संध्याकाळी गारगोटीहून गावाकडे येणारी शेवटची गाडी हीच मुक्कामी गाडी असते. ती चुकली तर वडिलांना मोटारसायकल घेऊन यावे लागते, आणि म्हशींच्या धारांच्या वेळेला ते त्यांना मुळीच सोयीचे नसते. आता कारखाने सुरू झाले की बिद्रीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी किती रखडेल याचा नेम नाही, त्यामुळे प्रॅक्टिकल संपताच मला निघावेच लागते.

ग्रंथालयातील देवघेवीची खिडकी दुपारी ठरावीक वेळच उघडी असते आणि माझ्या तुकडीचे प्रॅक्टिकल आठवड्यातील बहुतेक दिवस नेमके त्याच वेळी असते. युवा महोत्सवाच्या लोकनृत्याच्या चमूत घेण्याची तयारी एका मॅडमनी दाखवली होती, पण तालमी संध्याकाळी आहेत हे कळल्यावर मीच नकार दिला. वर्गातील मैत्रिणींचे गट वसतिगृहांत, खोल्यांवर आणि कॉलेज सुटल्यानंतरच्या चहावर जमले आहेत. त्या चांगल्या वागतात, टिपणेही देतात, परंतु त्यांच्या बोलण्यात आदल्या संध्याकाळच्या गोष्टी असतात आणि मी केवळ ऐकणारी असते. खरे सांगायचे तर वर्गातील मुलींपेक्षा गारगोटी गाडीतील मुलींना मी अधिक ओळखते, आणि त्या तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकतात.

माझे काही नेमके प्रश्न आहेत. को-करिक्युलर (अभ्यासपूरक) विषयासाठी मला राष्ट्रीय सेवा योजना घ्यावीशी वाटते. ये-जा करणाऱ्या मुलीला ते झेपते का, की नावनोंदणी करून नंतर तास कमी पडल्यामुळे श्रेयांक (क्रेडिट) अडकतात? देवघेवीच्या वेळेची अडचण कुणाला सांगावी, आणि प्रवासात वाचता येईल असे काही महाविद्यालयामार्फत मिळते का? महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, परंतु कित्येक आठवडे तो महाविद्यालयाच्या स्तरावरच प्रलंबित दिसतो; कार्यालयात विचारले की ‘होईल’ इतकेच सांगतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: पुढील वर्षी कोल्हापुरात राहायचे म्हटले तर कमी खर्चाची सोय कोणती आणि तिची चौकशी कधीपासून सुरू करावी? आपण स्वतः असे शिकला असाल किंवा आपली मुले शिकत असतील तर कृपया अनुभव लिहावा.

कळंब्याकडचा

मी तृतीय वर्षाला आहे आणि पहिली दोन वर्षे राधानगरी तालुक्यातून ये-जा केली आहे, त्यामुळे तुमचे पत्र वाचताना बरेच ओळखीचे वाटले.

शिष्यवृत्तीबद्दल आधी लिहितो, कारण त्याला मुदत असते. कार्यालयात ‘अर्जाचे काय झाले’ असे मोघम विचारू नये. अर्जाचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा, शिष्यवृत्तीचे काम पाहणारे लिपिक कोण आहेत ते विचारून त्यांनाच भेटावे, आणि अर्ज त्यांच्या लॉगिनला दिसतो का हे त्यांच्यासमोरच पाहून घ्यावे. पुष्कळदा एखाद्या कागदाची प्रत अस्पष्ट असते किंवा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नसतो, आणि मग अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा सादर केल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि त्याची सूचना प्रत्येक वेळी मोबाईलवर येईलच असे नाही, म्हणून स्वतः लॉगिन करून पाहत राहावे. या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. आणखी एक गोष्ट आजच तपासा. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. घरात दोन-तीन खाती असतील तर आधार नेमके कोणत्या खात्याशी जोडलेले आहे हे बँकेत जाऊन विचारावे, नाहीतर अर्ज मंजूर होऊनही पैसे कुठे गेले हे शोधत बसावे लागते.

एसटीचा पास तुम्ही काढलाच असेल. बारावीपर्यंत मुलींना असलेली मोफत पासाची सवलत पुढे राहत नाही, परंतु विद्यार्थी पासाला भाड्याच्या ३३.३३ टक्केच रक्कम पडते. शिवाय मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत तिकिटात ५० टक्के सवलत आहे. याचा उपयोग असा, की पास ज्या मार्गाचा आहे तो सोडून एखाद्या दिवशी दुसऱ्या मार्गाने, मावशीकडे किंवा मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचे असेल तर अर्ध्या तिकिटात जाता येते. मी मुलगा असल्याने मला ती सोय नव्हती, आणि महोत्सवाच्या दिवसांत त्याचा हेवा वाटायचा.

युवा महोत्सवाला लोकनृत्यावरून नकार दिलात हे ठीक, पण महोत्सव म्हणजे केवळ लोकनृत्य आणि मूकनाट्य नव्हे. वक्तृत्व, वादविवाद, रांगोळी, चिकटचित्र, मातीकाम, व्यंगचित्र, भित्तिचित्र या प्रकारांना संध्याकाळच्या सामूहिक तालमी लागत नाहीत. दुपारच्या मोकळ्या तासात तयारी होते. यंदाची निवड झाली असेल तरी सांस्कृतिक विभागाच्या शिक्षकांकडे नाव देऊन ठेवा. ये-जा करणारी मुले विचारत नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही.

निवृत्त ग्रंथपाल

तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. आयुष्य ग्रंथालयात गेले, तेव्हा त्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

देवघेवीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. वेळा त्याने ठरवलेल्या नसतात. प्रॅक्टिकलचे वेळापत्रक जोडून ग्रंथपालांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिही, आणि शक्य असेल तर तुझ्यासारख्याच आणखी काही विद्यार्थ्यांच्या सह्या घे. महाविद्यालयात ग्रंथालय समिती असते आणि असे अर्ज तिच्यासमोर जातात. आम्ही एका वर्षी अशाच अर्जावरून सकाळची देवघेव सुरू केली होती. तोंडी तक्रारी मात्र वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि त्यांची नोंद कुठेच राहिली नाही. क्रमिक पुस्तकांसाठी ‘बुक बँक’ आहे का तेही विचार. त्यात पुस्तके पूर्ण सत्रासाठी मिळतात, म्हणजे दर आठवड्याला खिडकीशी जाण्याचा प्रश्नच राहत नाही. अनेक महाविद्यालयांत ही योजना असते आणि निम्म्या मुलांना तिचा पत्ता नसतो.

प्रवासात वाचण्यासाठी दोन मार्ग आहेत. महाविद्यालय इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे सभासद असेल तर ग्रंथपाल विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन देऊ शकतात आणि त्यावरून इंग्रजीतील पुस्तके व नियतकालिके मोबाईलवर उघडतात. दुसरे म्हणजे आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. तिथे नोंदणीला पैसे पडत नाहीत. घाटवळणाच्या रस्त्यावर मोबाईलमध्ये वाचून डोके दुखते हेही खरे, तेव्हा सकाळच्या गाडीत झोप आणि संध्याकाळच्या गाडीत वाच.

सुट्टीच्या दिवसांसाठी सांगतो: शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय एकदा आत जाऊन पाहा. महाविद्यालयाचे पत्र घेऊन तिथे बसून वाचता येईल का, याची चौकशी आपल्या ग्रंथपालांमार्फत कर. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचे आहे. मराठीतील विज्ञानविषयक जुनी-नवी पुस्तके चाळायला सार्वजनिक ग्रंथालयासारखी जागा नाही. मराठीतून आलेल्या मुलीने आधी मराठीत विषय समजून घेऊन मग इंग्रजी पुस्तक उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग प्राध्यापक काहीही म्हणोत.

दसरा चौक

वसतिगृहाबद्दल लिहितो. मीही खेड्यातून आलो आणि दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहून पदवीधर झालो. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करवली, ती नेमक्या तुमच्यासारख्या अडचणीसाठी: शाळा-महाविद्यालये शहरात आणि शिकणारे पोर गावात. मला आजही वाटते की कोल्हापुरात शिक्षण संस्था जितक्या वाढल्या तितक्या स्वस्त राहण्याच्या जागा वाढल्या नाहीत, विशेषतः मुलींसाठी.

आता व्यवहाराचे. महाविद्यालयाच्या स्वतःच्या वसतिगृहाची चौकशी दुसऱ्या सत्रातच करून ठेवावी, निकालाची वाट पाहू नये. समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत, तिथे प्रवर्ग व गुणवत्तेनुसार प्रवेश मिळतो. आपण कोणत्या विभागाच्या वसतिगृहासाठी पात्र ठरतो हे त्या त्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारावे. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेचे नाव पुष्कळजण सांगतील, परंतु ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तेव्हा बी.एस्सी.ला तिच्या भरवशावर राहू नका. खासगी खोली घ्यायची तर एकटीने न घेता गारगोटी गाडीतील त्या मुलींना विचारा. आपल्याच भागातील तिघी-चौघी एकत्र राहिल्या की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि भाडेही वाटले जाते.

वेदगंगा

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. अर्जाचा क्रमांक घेऊन कार्यालयात गेले. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती, ती नव्याने जोडली आहे. बुक बँक आमच्याकडे आहे, पण यंदाची पुस्तके संपली आहेत. दुसऱ्या सत्रासाठी नाव लिहून घेतले. गाडीतील मुलींशी खोलीचा विषय काढला, तर त्यांतील दोघींच्या घरीही हेच बोलणे चालू असल्याचे कळले. राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल मात्र अजून ठरत नाही. त्यात सात दिवसांचे मुक्कामी शिबिर असते, आणि घरी त्याचे नाव काढताच आईने नकार दिला. कुणी या विषयी लिहू शकेल का?

कार्यक्रम अधिकारी (माजी)

मी काही वर्षे महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची जबाबदारी सांभाळली आहे. स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे नियमित काम अपेक्षित असते आणि दोन वर्षांत मिळून २४० तास. आकडा ऐकून दडपण येते, परंतु यातील मोठा भाग रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि दुपारच्या मोकळ्या तासांत होतो. वृक्षारोपण, स्वच्छता, सर्वेक्षण, रक्तदान शिबिराची व्यवस्था अशी कामे असतात. ये-जा करणाऱ्यांना मी नेहमी सर्वेक्षण आणि अहवाललेखन देत असे, कारण त्यातील बरेचसे काम गावातही करता येते. नावनोंदणी करतानाच आपल्या गाडीची वेळ कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगा. वर्षाअखेरीस तास कमी पडल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्यासाठी फारसे काही करता येत नाही, पण सुरुवातीला सांगणाऱ्यासाठी पुष्कळ करता येते. को-करिक्युलरचे श्रेयांक कशाच्या आधारे देणार, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

शिबिराबद्दल आपल्या आईंना वाटणारी काळजी रास्त आहे आणि ती दूर करणे हे महाविद्यालयाचे काम आहे, आपले एकटीचे नव्हे. मुली असलेल्या आमच्या प्रत्येक शिबिरात महिला शिक्षिका मुक्कामाला असत. मुलींची राहण्याची सोय स्वतंत्र, बहुधा गावातील शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या इमारतीत केली जाई. पालकांचे लेखी संमतीपत्र घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही नेत नसू. त्या शिक्षिकांनाच आपल्या आईंशी फोनवर बोलायला सांगा. मी असे फोन दरवर्षी करवून घेत असे. मागील वर्षी जाऊन आलेल्या एखाद्या मुलीची आणि आईंची गाठ घालून दिलीत तर आणखी चांगले. आपल्यासाठी या शिबिराचा एक वेगळा उपयोगही आहे. ते सात दिवस सगळेच मुक्कामाला असतात, कुणालाही गाडी गाठायची नसते, आणि वसतिगृहातल्या मुलींच्या ज्या गप्पा आपण दुसऱ्या दिवशी ऐकता, त्या तिथे आपल्यासमोर चालतात.

शिबिरे बहुधा हिवाळ्यात, पहिल्या सत्राच्या परीक्षा संपल्यानंतर होतात. नावे मात्र त्याच्या बरीच आधी घेतली जातात, म्हणून या आठवड्यात कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. संमतीपत्र नंतर दिले तरी चालते.