विहीर खोल केल्यावर पाणी अधिक मचूळ का झाले?

प्रश्न:
समुद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या आमच्या विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे गोड होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र ते मचूळ लागू लागले. पाणी आटत आल्यामुळे असे होत असावे, या समजुतीने आम्ही विहिरीच्या तळाशी बोअर मारून घेतली. पाणी भरपूर लागले, पण पंप तासभर चालला की ते तोंडात धरवत नाही. खोलवरचे पाणी अधिक शुद्ध असते, असे आजवर ऐकत आलो. मग येथे उलटे का घडावे?

प्रतिसाद १:
‘खोल तितके शुद्ध’ हे जंतूंच्या बाबतीत पुष्कळदा खरे असते; क्षारांच्या बाबतीत, आणि त्यातही किनाऱ्यालगत, त्यावर विसंबता येत नाही. तेथे जमिनीखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण एक लिटर गोडे पाणी साधारण १,००० ग्रॅम भरते, तर समुद्राचे १,०२५ ग्रॅम. या २५ ग्रॅमांच्या फरकातूनच घायबेन-हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा निघतो: भूजलपातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी. आपल्या विहिरीतील पातळी सपाटीपेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर खाली साधारण २० मीटर गोडे पाणी असेल. उपशामुळे ती पाव मीटर उतरून तशीच राहिली, तर कालांतराने १० मीटरच उरेल. वरून वीतभर गेले की खालून दहा मीटर जातात! बोअरने आपण गोड्या थराचा तळ गाठला असावा.

प्रतिसाद २:
वरील हिशेब पाणी स्थिर आहे आणि दोन थरांमधली सीमा रेखीव आहे, असे धरून केलेला आहे; प्रत्यक्षात मध्ये मिश्रणाचा पट्टा असतो. ‘तासभराने’ हा आपला तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पंप ओढू लागला की बोअरच्या खालचे खारे पाणी शंकूसारखे वर उचलले जाते आणि पंप थांबल्यावर सावकाश खाली बसते. त्यातले थोडेसेच पुरते: समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने, शंभर भागांत दोन भाग मिसळले तरी लिटरमागे ०.७ ग्रॅमची भर पडते आणि चव बिघडते. तरीही दोष लगेच समुद्राच्या माथी मारू नये, कारण काही ठिकाणी जुन्या काळी खडकात अडकलेले खारे पाणीही लागते. पंप सुरू करताना, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी असे तीन नमुने तपासून घ्यावेत; क्षारांचा आकडा चढत गेला, तर खारे पाणी खालून वर येत असल्याचा संशय बळावेल.

प्रश्नकर्ता:
नमुने तपासून घेतो. परंतु बोअर बुजवावी काय?

प्रतिसाद १:
आकडे चढते आले, तर बोअरचा खालचा भाग सिमेंटने बंद करावा. लहान पंपाने, थांबून थांबून, वरवरचेच पाणी उपसावे. अधिक गरज असल्यास एक खोल बोअर घेण्यापेक्षा दूर दूर दोन उथळ विहिरी बऱ्या. पावसाचे पाणी मुरवण्याची सोयही करावी, मात्र एकाच पावसाळ्यात चव पालटेल अशी अपेक्षा ठेवू नये. खारे पाणी आत शिरायला जितका वेळ लागतो, त्याहून ते मागे हटायला पुष्कळदा जास्त लागतो.