लेक जागेपणी श्वास रोखते, आता ईसीजीतही दोष निघाला. मदत हवी आहे

चांदणवेल
लेक ९ वर्षांची. भराभर श्वास घेते आणि मग एकदम थांबते. मी मनात आकडे मोजते, कधी ४० पर्यंत जातात. ओठ निळसर होतात, पोट टम्म फुगतं. मग मोठा सुस्कारा टाकते आणि पुन्हा हात चोळायला लागते. परवा ईसीजी काढला, तर क्यूटी वाढलाय म्हणाले आणि चालू औषध तिथेच बंद करायला लावलं. श्वासाचं आणि हृदयाचं दुखणं एकच की दोन? लवकर सांगा, उद्या परत जायचंय.

गारवा
आजार कोणता? औषध कोणतं? क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, किती?

दीपमाळ
माझ्या भाच्याला दमा होता, अनुलोम-विलोमने खूप फरक पडला. रोज करून घ्या.

चांदणवेल
दमा नाही हो. ती बोलत नाही, सांगितलेलं करू शकत नाही, अनुलोम-विलोम कुठून करणार? रेट सिंड्रोम आहे, मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार. एमईसीपी२ जनुकात बदल सापडलाय. क्यूटीसी ४८५ मिलिसेकंद. खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन चालू होतं.

गारवा
हेच आधी हवं होतं. रेटमध्ये फुफ्फुसं मुळात चांगली असतात, श्वासाची लय सांभाळणारं मेंदूतलं केंद्र गडबडतं. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांचंही नियंत्रण बिघडतं, म्हणून दोन्ही त्रासांचं मूळ एकच. क्यूटी म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ. तो फार लांबला की ठोके जीवघेणे बिथरू शकतात. ॲझिथ्रोमायसिनने तो आणखी लांबतो, म्हणून बंद केलं. एरिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन, ऑन्डॅन्सेट्रॉन या औषधांचंही तेच. रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं का विचारा.

निळाई
आधी झोपेची तपासणी करा, सगळं कळेल.

शिंपला
सगळं नाही कळणार. रेटमधला हा श्वास मुख्यतः जागेपणी बिघडतो.

निळाई
आमच्या मुलीला झोपेतही त्रास निघाला, म्हणून सांगितलं.

शिंपला
मग जरूर करा, पण जागेपणीचं रेकॉर्डिंग सोडू नका. आम्ही असे झटके फिट समजून दोन वर्षं फिटचं औषध वाढवत राहिलो. व्हिडिओ ईईजी (व्हिडिओसोबत मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) केला तेव्हा कळलं की बरेचसे श्वास रोखण्याचे होते. पोट फुगतं ते हवा गिळल्यामुळे, तेही डॉक्टरांना सांगा.

पाऊलवाट
रेटवरच्या ट्रोफिनेटाइड या औषधाचं बघा ना, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालंय.

गारवा
ते क्यूटीवरचं औषध नाही, शिवाय त्याने जुलाब खूप होतात. त्यांचा प्रश्न उद्याच्या भेटीचा आहे.

चांदणवेल
घरात ऑन्डॅन्सेट्रॉनची बाटली आहे, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून द्यायचे. आत्ताच बाजूला काढून ठेवली. एक सांगायचं राहिलं, ईसीजीच्या वेळी ती सारखी हलत होती, दोघांनी हात धरले होते. आकडा चुकला असेल का?

गारवा
हलल्यावर रेघ थरथरते, मोजण्यात गल्लत होऊ शकते. हृदयरोगतज्ज्ञांना कागद स्वतः मोजायला सांगा, गरज पडली तर पुन्हा काढतील. पण तोवर ॲझिथ्रोमायसिन बंदच ठेवा. आणि शुद्ध हरपली, तर उद्याची वाट बघू नका, तडक तातडीच्या विभागात न्या.

चांदणवेल
श्वास थांबतानाचा व्हिडिओ आज संध्याकाळी घेतला. उद्या तोच आधी दाखवते, मग कागद.