रॅली-गेमसाठी पीसी घ्यावा की कन्सोलवरच राहावे?

खडीवाट:
नमस्कार. गेली दोन वर्षे मी ‘डर्ट रॅली २.०’ कन्सोलवर साध्या कंट्रोलरने खेळत आहे. सहचालकाच्या सूचना ऐकत खडीच्या अरुंद रस्त्यावर गाडी सांभाळण्यात मी इतका रमलो आहे की आता स्टिअरिंग व्हील घ्यायचे ठरवले आहे. मात्र त्याआधी पीसीकडे वळावे का, हे ठरत नाही. चित्र देखणे नसले तरी चालेल, गाडी हातात नीट आली पाहिजे. दोन्हींवर खेळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डावेचार:
गाडी हातात येणे हे बव्हंशी विलंबावर अवलंबून असते. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते, म्हणजे व्हील फिरवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग जरी गेला, तरी तुम्ही तीन मीटर उशिरा वळता, आणि जंगलातल्या रस्त्याची रुंदी पुष्कळदा तेवढीच असते. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी टीव्हीचा गेम मोड (चित्राचा विलंब कमी करणारी सेटिंग) चालू आहे ना, हे तपासा.

पीसीवर सावल्या, प्रेक्षक, गवत कमी करून फ्रेम-रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढवता येतो, हा मोठा फायदा आहे. परंतु फ्रेम-रेट स्थिरही हवा. मी एका नव्या रॅली-गेममध्ये पीसीवर सेकंदाला ९० फ्रेम मिळवत होतो. एका चढाच्या माथ्यावर, चाके जमिनीवरून सुटलेली असताना, चित्र क्षणभर अडकले आणि पुन्हा हलले तेव्हा गाडी झाडावर होती. नऊ मिनिटांची स्टेज, म्हणजे रॅलीचा टप्पा, तिथेच संपली. असा पीसी असण्यापेक्षा कन्सोलवरच्या न अडखळणाऱ्या ६० फ्रेम मी केव्हाही पत्करेन.

हँडब्रेक:
व्हील निवडताना एक गोष्ट पाहा. लॉजिटेकचे जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालते, जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर; त्यांची अदलाबदल होत नाही. तुमच्या कन्सोलला चालणारे आणि पीसीलाही जोडता येणारे व्हील घेतलेत, तर पीसीचा निर्णय निवांत घेता येईल. वेगळा हँडब्रेक मात्र पीसीला थेट यूएसबीने जोडता येतो, तर कन्सोलवर तो बहुधा व्हीलच्याच कंपनीचा लागतो. व्हील ९०० अंश फिरत असले, तरी खडीवर ते ५४० अंशांवर आणून पाहा. गाडी आडवी झाल्यावर उलट स्टिअरिंग वेळेत देता येते.

जुनीवाट:
पीसीच्या बाजूने माझे कारण वेगळे आहे. २००४ साली आलेला ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ आजही पीसीवर जिवंत आहे, कारण चाहत्यांनी त्यासाठी शेकडो स्टेजेस तयार केल्या आणि गाड्यांचे भौतिकशास्त्र पुनःपुन्हा घासूनपुसून सुधारले. मागची चाके पकड सोडू लागल्याची जाणीव तो व्हीलमधून ज्या स्पष्टपणे देतो, ती मला नव्या गेममध्येही क्वचितच मिळाली आहे. कन्सोलवर हे दार उघडत नाही.

खडीवाट:
सर्वांचे मनापासून आभार. टीव्हीचा गेम मोड बंदच होता. तो चालू केल्यावर कालच्याच स्टेजमध्ये अकरा सेकंद वाचले. पीसीलाही चालणारे व्हील आधी घेतो आणि सहा महिने कन्सोलवरच सराव करतो.