कोल्हापुरात घरतपासणीचं काम सुरू करतेय. परवाना कुणाचा लागतो? आणि एजंटच्या पैशाचं काय करायचं?

साइटवाली

नमस्कार. मी बी.ई. सिव्हिल, राहायला राजारामपुरीत. बरीच वर्षं बिल्डरच्या साइटवर काढली, आता स्वतःचं काम सुरू करतेय. घर घेणाऱ्याच्या वतीने, व्यवहार पक्का व्हायच्या आधी फ्लॅट किंवा बंगला तपासायचा आणि लेखी रिपोर्ट द्यायचा. ओल, गळती, भेगा, वायरिंग, अर्थिंग, नळजोडणी, फरशी, गच्ची, सगळं. आपल्याकडे माणूस आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतो आणि बघायला सोबत मेव्हण्याला नाहीतर ओळखीच्या गवंड्याला नेतो. म्हणून हे काम मला मनापासून करायचंय आणि नीट करायचंय.

पहिला प्रश्न परवान्याचा. एक म्हणतो महापालिकेचं लायसन्स लागतं, दुसरा म्हणतो महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी, तिसरा म्हणतो काही लागत नाही, कार्ड छापा आणि सुरू करा. खरं काय?

दुसरा प्रश्न जास्त सतावतोय. पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या अपार्टमेंटमधला तळमजल्याचा फ्लॅट तपासला. भिंतींना नवा रंग, नवी पुट्टी, सगळं चकाचक. पण हॉलमधले सगळे सॉकेट छातीच्या उंचीवर नेलेले. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचं खालचं फळकूट काढून बघितलं तर आतल्या बाजूला पुट्टी मारलेलीच नव्हती. तिथे चहाच्या रंगाची एक आडवी रेघ, कपाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत, आणि तिच्याखाली प्लायवूड फुगलेलं. कोपऱ्यात बोट घातलं तर बारीक गाळ हाताला लागला. मी रिपोर्टात लिहिलं की २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी आत आल्याच्या खुणा आहेत.

घेणाऱ्याने तो रिपोर्ट एजंटला दाखवला. एजंटचा मला फोन. ‘मॅडम, ओल आहे एवढं लिहा की. पूर कशाला लिहिताय? तुम्ही काय जलसंपदा खात्यात आहात?’ पुढे म्हणाला, वाक्य काढा, इथून पुढची सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवतो, वर प्रत्येक रिपोर्टमागे दोन हजार माझ्याकडून. मी वाक्य काढलं नाही. आता त्याच्याकडून काम येणं बंद झालंय. शिवाय वॉटरप्रूफिंगवाले नाव सुचवण्याबद्दल दहा टक्के देऊ करतात. या धंद्यात सगळे घेतात म्हणे. नियम कुठे लिहिलेत का कुणी?

मूळ_गडहिंग्लज

ताई, मी सध्या ऑस्टिनला असतो, हेच काम करतो. इथलं सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

टेक्सासमध्ये याचं लायसन्स टेक्सास रिअल इस्टेट कमिशन देतं. त्याशिवाय पैसे घेऊन घर तपासता येत नाही. रिपोर्ट कमिशनने ठरवून दिलेल्या नमुन्यातच द्यावा लागतो आणि दायित्व विमा, म्हणजे आपल्या चुकीने गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे. तुमच्या एजंटने जे मागितलं त्यावर इथे थेट कायद्यात बंदी आहे: आधीच ठरवलेला निष्कर्ष लिहिण्यावर फी अवलंबून असेल तर ते काम घ्यायचंच नाही. आणि तपासणीच्या कामाशी जोडून दुरुस्तीचं काम करायचं नाही.

याउलट कॅलिफोर्नियात घर तपासणाऱ्याला राज्याचं लायसन्सच लागत नाही. तरीही कायद्यात लिहिलंय की ज्या घराची तपासणी केली त्याची दुरुस्ती १२ महिने पैसे घेऊन करायची नाही. १९७६ साली स्थापन झालेली तपासनीसांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या आचारसंहितेतही एक वर्षाचीच अट आहे, आणि काम मिळावं म्हणून एजंटला पैसे देण्यालाही मनाई आहे. म्हणजे लायसन्स नसलेल्या ठिकाणीही पैशाचे नियम आहेतच.

जुना_लायसन्सवाला

ताई, मी महापालिकेचा परवानाधारक इंजिनिअर. नवी कामं कमी केली, जुन्या इमारती तपासण्यातच जास्त वर्षं गेली. तुम्ही वाक्य काढलं नाहीत हे वाचून फार बरं वाटलं.

आता परवाना. घर तपासणाऱ्यासाठी वेगळा परवाना आपल्या राज्यात नाही, देशातही नाही. वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आहे, त्यांची परिषद आहे, गैरवर्तन केलं तर नाव काढून टाकतात. सिव्हिल इंजिनिअरला कायद्याने नेमलेली अशी परिषदच नाही. म्हणून तिसरा माणूस खरं बोलला, पण अर्धंच. या कामाच्या चारी बाजूंना परवान्याची कुंपणं आहेत आणि ती ओलांडायची नाहीत.

महापालिकेचं लायसन्स नकाशे सादर करायला आणि बांधकामावर देखरेख करायला लागतं. ते २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे मिळतं. खाजगी माणसाला घर बघून मत द्यायला ते लागत नाही. पण ३० वर्षांवरच्या इमारतीचा स्थैर्याचा दाखला, जो महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ खाली मागतात, तो नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच द्यायचा. तेव्हा लेटरहेडवर ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ छापू नका. कॉलमला सळईच्या रेषेत उभी भेग दिसली, तांबूस गंज बाहेर आला, तर तेवढंच लिहा, फोटो लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा असं सांगा. हातात रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर दाबून त्याची मजबुती अजमावायचं उपकरण, आहे म्हणून आकडा ठोकून द्यायचा मोह होतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, हॅमर जास्त आकडा दाखवतो, आणि आत सळई खात चाललेली असते. असे रिपोर्ट मी पाहिलेत. भरवशावर राहणारं कुटुंब असतं हो तिथे.

महारेराची नोंदणी एजंटला लागते. तुम्ही खरेदी-विक्री जुळवून दलाली घेतलीत तर तुम्हीही एजंट, नाहीतर संबंध नाही. वायरिंग बघा, टेस्टर लावा, आरसीसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचचं, बटण दाबून ट्रिप होतोय का पाहा, पण बोर्ड उघडून तार बदलायची नाही. ते परमिटवाल्या वायरमनचं काम. आणि घराची किंमत कधीही लिहायची नाही. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो म्हणून लोकांना वाटतं घर तपासून झालं. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. कपाटामागची रेघ बघायला कुणी येत नसतं, म्हणूनच तुमची गरज आहे.

पुराचं. तुमच्या वाक्यात मी एकच बदल सुचवीन. रेघेवरून साल कळत नाही. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैतही ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकून पाणी कितीतरी वर चढलं. आपल्याकडे दोन्हीचे डाग आहेत, काही घरांत एकावर एक. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या लिहा. काय दिसलं: फरशीपासून इतक्या सेंटिमीटरवर आडवी रेघ, खाली गाळ, फुगलेलं प्लायवूड, आणि फोटोत टेप धरलेला. त्यावरून काय वाटतं: पाणी आत साचून राहिल्याच्या खुणा, पुराचं असण्याची दाट शक्यता. आणि काय कागदावर तपासायचं: घेणाऱ्याने पूररेषेचा नकाशा बघावा, मिळकत निळ्या रेषेच्या आत आहे की निळ्या-लाल रेषांच्या मधे. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. मालकाकडूनही लेखी घ्यावं की पाणी आलं होतं का, कधी. पूररेषा आखणं हे जलसंपदा विभागाचं काम, तेवढं एजंटचं बरोबर आहे. भिंतीवरचा डाग मात्र तुमच्याच कामाचा.

राहिले दोन हजार. घेऊ नका, एवढंच त्याचं उत्तर.

गच्ची_दुरुस्ती_उचगाव

ताई, मी वॉटरप्रूफिंगवाला. आमची पण बाजू ऐका. इंजिनिअर येतो, ‘ओल आहे’ लिहून जातो. पुढं काय? घर घेणाऱ्यानं माणूस कुठनं शोधायचा? फसवणारे लई आहेत. तुम्ही माझं नाव सांगितलं, मी प्रामाणिकपणे काम केलं, दोन वर्षांची लेखी हमी दिली, आणि तुम्हाला माझ्या नफ्यातनं काही दिलं, तर गिऱ्हाइकाचं नुकसान कुठं झालं? उलट त्याची शोधाशोध वाचली. सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

जुना_लायसन्सवाला

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तुमचं काम चांगलं असेल यात शंका नाही. पण दहा टक्के कशाचे? कामाच्या बिलाचे. नेमकी अडचण तिथे आहे.

शाहूपुरीतल्या एका आजींच्या घरी वरून पाणी टपकत होतं. त्यांना सांगण्यात आलं की पूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं लागेल. मी गेलो तेव्हा कडक उन्हाळा होता, गच्ची महिनोन्महिने कोरडी, तरी छत ओलं. मग पाणी गच्चीतून येईल कसं? वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या जोडाचा, सांधा सुटला होता. वरच्यांनी एक दिवस न्हाणीघर वापरलं नाही तर टपकणं थांबलं. काम छोटं होतं, चार-दोन हजारांत उरकलं. गच्चीचं बिल लाखाच्या घरात गेलं असतं. तपासणाऱ्याचा वाटा बिलावर ठरला की छोटा सांधा त्याला दिसेनासा होतो. मुद्दाम खोटं बोलायचीही गरज लागत नाही.

माणसं सुचवायला हरकत नाही. दोन-तीन नावं द्यावीत, तुमचंही द्यावं, आणि खाली लिहावं की यांच्याकडून मी काही घेत नाही.

कोर्टाच्या_वाटेवर

वकिली करतो, म्हणून एवढंच. फी घेतलीत की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवा झाली. त्रुटी राहिली तर ग्राहक दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, तुमच्याकडे परवाना असो वा नसो. ‘आमची कोणतीही जबाबदारी नाही’ या छापील ओळीवर विसंबू नका. त्यापेक्षा काय तपासलं आणि काय तपासता आलं नाही हे खोलीवार लिहा.

घर नवं असेल तर तुमचा रिपोर्ट पुरावा ठरतो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तेव्हा प्रत्येक फोटोवर तारीख हवी. जीएसटी नोंदणी सेवांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते, सध्या काळजी नको. व्यावसायिक दायित्व विमा आपल्याकडेही मिळतो, तो काढा.

साइटवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं ‘दिसलं, वाटतं, कागदावर’ हे तीन भाग मी आजच रिपोर्टाच्या नमुन्यात घातले. त्या फ्लॅटचा सुधारलेला रिपोर्टही घेणाऱ्याला पाठवलाय, मोजलेली उंची घालून. त्यांनी पूररेषेची चौकशी सुरू केली आहे.

काम घ्यायच्या आधी सही घेण्यासाठी एक पान तयार केलंय. बघून सांगा:

‘फी फक्त घर घेणाऱ्याकडून, तपासणीच्या दिवशी. व्यवहार होवो वा न होवो, फी तीच. एजंट, बिल्डर, विकणारा किंवा दुरुस्ती करणारे यांच्याकडून मी पैसे वा भेट घेत नाही, त्यांना देतही नाही. या घराची दुरुस्ती मी किंवा माझे घरचे एक वर्ष करणार नाही. विकणारा किंवा बिल्डर नात्यातला असेल वा मी पूर्वी त्याच्याकडे नोकरी केली असेल तर काम घेण्याआधी सांगेन. रिपोर्ट फक्त तुम्हाला मिळेल, तुमच्या लेखी परवानगीशिवाय इतर कुणाला नाही. फर्निचर हलवून, भिंत फोडून तपासणी होणार नाही. हा स्ट्रक्चरल ऑडिट किंवा किमतीचा अंदाज नाही.’

एक शंका उरतेच. रिपोर्ट गुप्त ठेवायचा म्हटलं, पण घरात राहणाऱ्यांच्या जिवाला धोका दिसला तर? विकणारं कुटुंब तर अजून तिथेच राहत असतं.

जुना_लायसन्सवाला

पान चांगलं झालंय. ‘पूर्वी नोकरी केली’ ही अट तुम्ही आपणहून घातलीत, बिल्डरांकडे काम केलेल्या माणसाने ती घालायलाच हवी. ‘फर्निचर हलवून’ मात्र काढा. तुम्ही कपाटाचं फळकूट काढलंत म्हणून रेघ सापडली. तिथे लिहा: मालकाच्या परवानगीने जे सहज काढता येईल ते काढून बघेन, भिंत-फरशी फोडणार नाही.

धोक्याबद्दल आणखी एक ओळ घाला: ‘गॅसगळती, उघडी वीजवाहक तार, कोसळू शकेल असा सज्जा किंवा स्लॅब, असा तातडीचा धोका आढळला तर घरात राहणाऱ्यांना तिथल्या तिथे सांगेन.’ सही घेतानाच ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा. नंतर कुणी तक्रार करणार नाही. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण तपासायला हात लावू नका, आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर.